छत्तीस नखं आणि एक भाता : घरातल्या प्रकल्पाच्या नोंदी

१ जून २०२५

माझ्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, भाता गळतोय. उजव्या खालच्या कोपऱ्यात, घडीवरचं चामडं जिथे दुमडतं तिथे, बारीक बारीक छिद्रं आहेत. सूर किती वेळ टिकतो यावरून ही गळती कळत नाही, कारण हवा धरून ठेवायचं काम पोटातल्या भात्याचं असतं आणि तो शाबूत आहे. कळते ती भरताना. एरवी तीन हेलकाव्यांत पोट भरतं, आता पाच लागतात आणि हाताला भाता पोकळ लागतो. उदबत्ती पेटवून कोपऱ्याजवळ धरली आणि भाता दाबला. धूर दोन जागी फरकन बाजूला उडाला. तिथे खडूने खुणा केल्या.

छिद्रं करणारी शेवंती, आमची मांजर. दुसरं मांजर बाळ्या, तोही थोडाफार, पण कोपरा शेवंतीचा.

घरातली मोजदाद अशी. माझी पेटी. यांचा तबला-डग्गा, त्यातल्या डग्ग्याच्या वाद्यांवर (कातडं ताणून धरणाऱ्या चामडी पट्ट्यांवर) नखांचे ओरखडे आणि गजऱ्यातून (कडेच्या चामडी वेणीतून) सुटलेले दोन पदर. सासूबाईंचा मिरजेचा तानपुरा, त्याच्या गवसणीच्या (कापडी खोळीच्या) खालच्या भागाच्या दशा झाल्यात. लेकीचा गिटारचा अँप्लिफायर, त्याच्या पुढचं कापड आता कापड म्हणण्याजोगं राहिलेलं नाही. घर डोंबिवलीत, एक बेडरूम-हॉल-किचन. म्हणजे वाद्यं एका खोलीत आणि मांजरं दुसऱ्या खोलीत हा पर्याय बादच. मांजरं दुसरीकडे देणं हाही बाद. यावर घरात चर्चा झालेली नाही, होणारही नाही.

४ जून

फ्रिजवर कागद लावला. जो कोणी नखं मारताना बघेल त्याने लिहायचं: कोण, कशावर, किती वाजता, आणि त्याआधी मांजर काय करत होतं. शेवटचा रकाना सगळ्यांना फालतू वाटला. मला तोच हवा आहे.

सासूबाईंचा उपाय, पाण्याचा फवारा. म्हटलं, आई, फवाऱ्याने मांजर एवढंच शिकतं की फवारा हातात असलेला माणूस समोर असताना नखं मारायची नाहीत. रात्री दोनला आपण झोपलेले असतो. त्या म्हणाल्या, "मग रात्री तू जाग." विषय तिथेच थांबला.

८ जून

डॉक्टरांकडे दोघांना लस द्यायला नेलं, तेव्हा नखांचंही विचारून घेतलं. त्यांनी सांगितलेलं इथे लिहून ठेवते, नाहीतर घरात दर आठवड्याला तेच प्रश्न येतात.

नखं मारणं ही खोड नाही. नखाचं जुनं बाहेरचं टरफल त्यातून सुटतं आणि खालचं टोकदार नख मोकळं होतं. (सोफ्याखाली सापडतात ती चंद्रकोरीसारखी पापुद्री म्हणजे हीच टरफलं.) पाठ आणि खांदे ताणले जातात. शिवाय पंजाच्या बोटांमध्ये गंधग्रंथी असतात, त्यांचा वास त्या जागी लागतो. ओरखडा दिसायला आणि वास हुंगायला, दोन्ही मिळून 'ही जागा माझी' असा शेरा. म्हणूनच एकदा नखं लागलेल्या ठिकाणी मांजर पुन्हा पुन्हा येतं.

शेजारच्यांनी सुचवलेलं 'नखं कायमची काढून टाकणं' म्हणजे नुसतं नख काढणं नव्हे. नख ज्या हाडातून उगवतं ते बोटाचं शेवटचं पेरच छाटावं लागतं. इस्रायलने २०११ मध्ये आणि न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. आमच्या डॉक्टरांनी "मी करत नाही" एवढंच सांगितलं आणि पुढच्याला आत बोलावलं.

नखं कापायला मात्र शिकवलं. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा. कापायची फक्त पुढची दहा. पंजाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग सोडून नुसतं पारदर्शक टोक उडवायचं. अंगठ्याचं नख विसरायचं नाही, ते जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही. रक्त आलंच तर मक्याचं पीठ दाबून धरायचं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. यांनी बाळ्याला धरलं, मी कापली. शेवंतीच्या एका पंजावर भागवावं लागलं.

१५ जून

फ्रिजवरचा कागद भरला. अक्षरं चार प्रकारची, पण गोष्ट एकच निघते.

शेवंतीच्या बहुतेक नोंदींत शेवटच्या रकान्यात एकच शब्द आहे, 'झोपली होती'. ती अँप्लिफायरवर झोपते. लेकीचा सराव झाला की तो वरून तासभर कोमट असतो. उठते, खाली उतरते, पुढचे पाय वर टेकून अंग ताणते आणि समोर जे उभं, खरखरीत, न हलणारं असेल त्यावर नखं ओढते. समोर अँप्लिफायरचं कापड असतं आणि शेजारी पेटी. पेटीचा भाता पाठीमागे, म्हणजे नेमका तिच्या बाजूला.

दुसरी वेळ सकाळची, मी रियाजाला बसते तेव्हाची. गवसणी काढली की ती धावत येते आणि कोपऱ्याला दोन ओरखडे मारते. हा आनंद आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. माणूस आल्यावर, खाणं दिसल्यावर काही मांजरं असंच करतात. माझ्या षड्जाचं कौतुक करणारी घरात ती एकटीच, तेव्हा मी जास्त बोलत नाही.

बाळ्याचं वेगळं. त्याला उभं काही नको. तो आडव्यावर, पाठ खाली दाबून ओढतो. तबल्याखालच्या चुंबळी, सतरंजीची कड आणि डग्गा कलता ठेवला तर त्याच्या वाद्या.

तेव्हा वाद्यं वाचवायची असतील तर आधी झोपायची जागा हलवायला हवी आणि त्या जागेसमोर वाद्यापेक्षा सरस काहीतरी उभं करायला हवं. बाकीची आवरणं, जाळ्या वगैरे त्यानंतर.

१८ जून

खांबाची तयारी. बाजारात तयार मिळतात ते पाहून आले. गुडघ्याएवढे बुटके, आणि बोटाने ढकललं तरी डुलतात. शेवंती ताणून उभी राहिली तर पंजे जमिनीपासून साधारण ७५ सेंटिमीटरवर पोचतात (लाडू दाखवून मोजलं). खांब त्याहून उंच हवा आणि तिचं पूर्ण वजन पडलं तरी तसूभर हलायला नको. एकदा डुलला की ती त्याच्याकडे फिरकणार नाही.

सामान: ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, ८० सेंटिमीटर लांब. दोन टोपणं. १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड, ५० बाय ५० सेंटिमीटर. वाळू. आणि दोर.

दोराचे तीन नमुने आणून दाराशी टांगून ठेवले. काथ्याचा सुंभ: नखं लागतात, पण कुसळं घरभर होतात आणि ती तबल्याच्या शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) बसली तर यांचं डोकं फिरेल. सुतळी: फार मऊ, दोनच दिवसांत पिंजली. घायपाताचा दोर: कडक, पीळ घट्ट, नख रुततं आणि ओढलं की करकर आवाज येतो. शेवंतीने निवड केली, मला काही करावं लागलं नाही.

किती दोर लागेल याचा हिशेब. दोर ८ मिलिमीटर जाड, म्हणजे ८०० मिलिमीटर उंचीला १०० वेढे. वेढ्याचा व्यास दोराच्या मध्यापासून धरायचा: ११० + ८ = ११८ मिलिमीटर. गुणिले ३.१४, म्हणजे वेढ्याला सुमारे ३७ सेंटिमीटर. शंभर वेढ्यांना ३७ मीटर. गाठींना आणि टोकांना धरून ४० मीटर आणला, मशीद बंदरहून. डोंबिवलीत मिळतो, पण सगळा नायलॉनचा.

नव्या दोराला तेलकट, घासलेटासारखा वास येतो. वळताना तेल वापरतात त्याचा. मांजराच्या नाकाला हा वास नको म्हणून गॅलरीत टांगला. पाऊस असल्यामुळे ऊन नाही, वाऱ्यावरच भिस्त.

२२ जून

खांब उभा राहिला. खालचं टोपण प्लायवूडला पाच स्क्रूंनी आवळलं, त्यात पाइप बसवला, वाळू भरली, वरचं टोपण लावलं. पाइपच्या पोटात साधारण पावणेसात लिटर जागा, कोरडी वाळू लिटरला दीड किलोच्या वर, म्हणजे दहा-अकरा किलो वजन नुसतं वाळूचं. ती वाळू ओली होती आणि आठवडाभर सूर्य नाही. शेवटी लोखंडी कढईत थोडी थोडी भाजून कोरडी केली. सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं पाहिलं आणि कढई आता गॅलरीतच राहील असं जाहीर केलं.

सुताराचा पांढरा गोंद पीव्हीसीवर धरत नाही, गुळगुळीत प्लास्टिक तो शोषून घेत नाही. म्हणून पाइप आधी पॉलिश पेपरने खरवडला, दोराची दोन्ही टोकं वॉशर घालून स्क्रूने पक्की केली आणि मधले वेढे नुसत्या ताणावर घट्ट बसवले. दोघांनी मिळून करायचं काम. एकाने खांब फिरवायचा, दुसऱ्याने दोर ओढून धरायचा. वेढे सैल पडले तर नखाने सरकतात आणि मग दोराला अर्थ नाही.

खांब ठेवला नेमका अँप्लिफायरच्या समोर, हातभर अंतरावर. म्हणजे हॉलच्या अगदी मध्ये. "दिवाणखान्यात मलखांब?" असं यांनी विचारलं. होय, सध्या तरी. कोपऱ्यात लपवलेला खांब माणसाच्या सोयीचा असतो.

पंजे धरून खांबावर घासून 'दाखवायचं' नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मांजर बिचकतं आणि मग खांबच टाळतं. नुसता उभा करून ठेवायचा. नखं मारली की लगेच एक सुका मासा.

२३ जून

बाळ्यासाठी काथ्याचं पायपुसणं, खाली रबर असलेलं, सतरंजीच्या कडेला दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने जमिनीला पक्कं केलं. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही. दहा मिनिटांत त्याने ताबा घेतला. सगळ्या प्रकल्पात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत यशस्वी वस्तू हीच ठरणार असं दिसतंय.

२९ जून

झोपायची जागा. अँप्लिफायरवर उतरता फळा बसवला, झोपता येणार नाही असा. खांबाशेजारी स्टुलावर लेकीची जुनी लोकरीची शाल. पहिल्या रात्री शेवंती सासूबाईंच्या पायाशी झोपली, निषेध म्हणून असावं. मग शालीवर आली. उठली, उतरली, खांबाला ताण दिला.

पेटीकडे मात्र सकाळी येतेच.

४ जुलै

अँप्लिफायरची जाळी. हे काम अपेक्षेपेक्षा लांबलं, म्हणून सविस्तर.

पुढचं विणीचं कापड मांजराच्या दृष्टीने आदर्श: उभं, ताणलेलं, जाडसर वीण, नख अडकतं पण निसटतंही. नवीन कापड लावलं तर महिनाभरात पुन्हा तेच होईल. म्हणून चौकटीवरचं कापड काढून भोकांचा पत्रा. भोकं लहान घेतली, २ मिलिमीटरची. मोठ्या भोकात नखाचं टोक शिरून अडकू शकतं, आणि अडकलेलं मांजर घाबरून ओढाओढ करतं. पण भोकं लहान आणि विरळ असली तर आवाज दबतो. तेव्हा दाट भोकांचा पत्रा शोधावा लागला, ज्यात निम्म्याच्या जवळपास जागा मोकळी आहे.

बसवला. लेकीने गिटारची सर्वांत खालची तार मोकळी छेडली आणि पत्रा झणझणला. ही तार ८२ हर्ट्झच्या आसपास बोलते आणि पत्रा नेमका तिथेच थरथरतो. वरच्या तारांना काही नाही. स्क्रू आवळले तर झणझण कमी झाली पण वरच्या एका सुरावर गेली. शेवटी चौकट आणि पत्रा यांच्यामध्ये चारही बाजूंनी नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) पट्टी, स्क्रूंखाली रबरी वॉशर, आणि मध्यभागी मागून एक आडवी पट्टी, पत्र्याला टेकेल इतपत. आता खालच्या तारेला गप्प आहे.

लेकीचं मत: आवाज जरा उजळ झालाय, दिसायला मात्र रेशन दुकानाच्या खिडकीसारखा दिसतो. काळा रंग मारायचं कबूल केलं.

९ जुलै

उद्या गुरुपौर्णिमा, मुलं येणार. पेटी आज वाद्यदुरुस्ती करणाऱ्या काकांकडून परत आली. कोपऱ्यांवर पातळ मऊ चामड्याची नवीन ठिगळं, आतून. तीन हेलकाव्यांत पोट भरतं. उदबत्तीचा धूर सरळ वर जातो. त्यांनी आणखी एक पाहिलं ते बरं झालं. पेटीत, पट्ट्यांच्या खाली, दोन डांबरगोळ्या होत्या. कसर लागू नये म्हणून मीच कधीतरी आईच्या सवयीने टाकलेल्या असतील, किंवा पेटी घेतली तेव्हापासूनच्या.

घरी येऊन डॉक्टरांना फोन केला. डांबरगोळ्या मांजराला विषारी, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कापूरही नको. संत्र्या-लिंबाच्या सालीचा वास मांजरांना आवडत नाही म्हणून लोक त्याचं तेल वाद्याच्या खोक्यावर चोळतात, तेही नको. अशी तेलं पचवून बाहेर टाकायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात तोकडी असते, आणि अंगाला लागलेलं ते चाटूनच साफ करतं. तबल्याच्या पिशवीतल्या, तानपुऱ्याच्या गवसणीतल्या, कपाटातल्या सगळ्या गोळ्या शोधून काढल्या. त्यांच्या जागी ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या, पण डब्यात भोकं पाडून, बाळ्याला खेळायला मिळू नयेत म्हणून.

नखांच्या मागे लागून हे सापडलं. सगळ्या नोंदवहीत हीच नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

१० जुलै

मुलं, पालक, पेढे. दोन्ही मांजरं दिवसभर पलंगाखाली. वाद्यं सुरक्षित, यात प्रकल्पाचं काही श्रेय नाही.

१७ जुलै

गॅलरीतल्या कुंडीत खोकली उगवलीय. पावसाळ्यात कुठेही येणारं तण, कोवळ्या पानांच्या बगलेत हिरवट तुरे. लहानपणी रत्नागिरीला आजी हे उपटलं की मुळं मांजरापुढे टाकायची आणि मांजर वेडं व्हायचं. ते आठवून एक रोप उपटलं, माती झटकली आणि ताजं मूळ खांबाच्या वरच्या वेढ्यांवर चोळलं. शेवंतीने गाल घासले, लोळली, लाळ गाळली आणि खांबाला अक्षरशः मिठी मारली. बाळ्याने हुंगून पाठ फिरवली. परदेशात या कामाला जे कॅटनिप वापरतात त्याच्या बाबतीतही असंच आहे: काही मांजरांना ते उपजतच लागू होत नाही, पिल्लांना तर नाहीच. मूळ खायला दिलं नाही, चोळून झाल्यावर टाकून दिलं.

त्यानंतर सकाळी पेटीऐवजी आधी खांबाकडे जाते. मी पेटी उघडायच्या आधी तिच्याशी दोन शब्द बोलून खांबावर बोट वाजवते. ती तिथे ओरखडते, मासा मिळतो, मग मी बसते. रियाज पाच मिनिटं उशिरा सुरू होतो.

२६ जुलै

गवसण्या. पेटीची जुनी गवसणी गोधडीसारखी टाके घातलेली जाड सुती, म्हणजे पंजासाठी आमंत्रणच. नवीन शिवून घेतली: बाहेरून पॅराशूट कापड, आतून पातळ सुती. पॅराशूट कापडाची वीण इतकी बारीक की नखाला पकड मिळत नाही, घसरतं. फक्त त्यातून हवा जात नाही आणि आपल्याकडच्या पावसात आत ओल धरली तर भात्याचा गोंद सुटेल. म्हणून खालची बाजू पूर्ण उघडी आणि मागे सुती जाळीची पट्टी. शिंप्याने "कुत्र्याचा रेनकोट का?" असं विचारलं.

तानपुऱ्यालाही त्याच कापडाची. तिथे नखांपेक्षा पडण्याची भीती जास्त. लाखेच्या पॉलिशवरचा ओरखडा मिटवता येतो, भोपळा फुटला तर संपलं. आमचा तानपुरा मिरजेचा, सासूबाईंच्या वडिलांनी घेतलेला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी बातमी कापून याच गवसणीच्या खिशात ठेवली होती. दांडीला गळ्याच्या खाली रुंद सुती पट्टा, पट्टा भिंतीतल्या हुकाला. मांजर टेकलं तरी जागचा हलत नाही. काढायला एक बक्कल.

तबला-डग्ग्यासाठी यांनी स्वतःच प्लायवूडची गोल झाकणं कापली, पुडीच्या (वरच्या कातड्याच्या) व्यासापेक्षा बोटभर मोठी, आतून नमदा, वरून काढता येणारा पट्टा. पुडी बकऱ्याच्या कातड्याची, ताणलेली. मैदानात (शाईभोवतीच्या मोकळ्या कातड्यात) एक नख रुतलं तर पुडीच बदलावी लागते. वाद्यांसाठी वेगळं काही केलं नाही. बाळ्याला पायपुसणं मिळाल्यापासून तो तिकडे जात नाही, आणि जे मोडलेलं नाही ते दुरुस्त करायला मी बसत नाही.

१२ ऑगस्ट

खांब सरकवायला सुरुवात. रोज दोन-तीन बोटं, हॉलच्या मध्यातून खिडकीच्या बाजूला. शेवंतीच्या लक्षात येत नाहीये, किंवा येतंय आणि ती मोठेपणा घेतेय.

दोर ५५ ते ७० सेंटिमीटरच्या पट्ट्यात पिंजलाय. यांना वाटलं नवीन गुंडाळावा. नको. फाटलेला, वास लागलेला खांब हाच तिला हवा आहे. दोर तुटून लोंबायला लागला की तेवढाच पट्टा बदलायचा.

३० ऑगस्ट

गणपतीत कागद पुन्हा लावला होता आणि आकडे चढले. ढोल-ताशा खिडकीखालून गेला त्या संध्याकाळी दोघांनीही सोफ्याच्या बाजूला नखं मारली, शेवंतीने पेटीच्या गवसणीवरही. गवसणीवर नख घसरलं, भात्यापर्यंत काही गेलं नाही. घाबरल्यावर मांजरं जास्त ओरखडतात, आपल्या वासाने जागा पुन्हा 'आपली' करून घेतात. विसर्जनाच्या दिवशी, ६ सप्टेंबरला, बेडरूमची खिडकी बंद, पंखा मोठा, शाल आणि पायपुसणं आत. खांब उचलून नेणं शक्य नाही, अकरा किलो वाळू.

१४ सप्टेंबर

भात्याची तपासणी: तीन हेलकावे. धूर सरळ. चामड्यावर नवीन खूण नाही.

अँप्लिफायर काळा झाला. उतरत्या फळ्यावर लेक आता पेडल ठेवते आणि ते घसरतं, म्हणून फळ्याला पुढे पट्टी मारायची आहे. पण पट्टी मारली की मांजराला टेकायला आधार मिळेल. यावर घरात मतभेद आहेत. नवरात्रात लेकीचा कार्यक्रम आहे, त्याआधी ठरवावं लागेल.

नखं: बाळ्याची कालच कापली. शेवंतीचा डावा पंजा बाकी.